सट्टेदाराची वही

भंडारा जिल्ह्यात बिडी कारखान्यात कमी आणि घराच्या ओसरीवर जास्त वळली गेली. तेंदूची पानं आदल्या संध्याकाळी पाण्यात भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याचा साचा लावून कात्रीने कापायची. मग सुपात तंबाखू घेऊन बसायचं. पान वळायचं, दोरा बांधायचा, बिडीचं तोंड दुमडून बंद करायचं आणि पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधायचे. मजुरी हजारावर मिळते. पाणी भरणं, स्वयंपाक, रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीतलं काम, हे सगळं सांभाळून एकट्या बाईच्या हातून दिवसाला हजार पुरी होणं फार कठीण. म्हणून दोरा बांधायला, तोंडं बंद करायला, कट्टे मोजायला घरातली मुलं बसतात. त्यातही मुलगी आधी बसते, कारण ती आईजवळ असते आणि धाकट्यालाही तिनेच सांभाळायचं असतं. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, पाठ वाकते, आणि संध्याकाळी गृहपाठाची वही उघडायची वेळ होते तेव्हा शेवटचे दोन-तीनशे नग बाकी असतात.

हे काम घरी आणून देणारा माणूस म्हणजे सट्टेदार. कारखानदाराकडून तो पानं आणि तंबाखू घेतो, गावातल्या घरांत वाटतो, तयार बिड्या गोळा करून पोचवतो. त्याच्याजवळ एक वही असते. दिलेली पानं हजार बिड्यांना पुरतील, असं वहीत धरलेलं असतं. पानं फाटकी किंवा किडकी निघाली, तर तूट बाईने पदरच्या पैशांनी भरून काढायची. वळलेल्या बिड्यांतून काही ‘छाट’ म्हणून बाजूला पडतात. त्यांची मजुरी मिळत नाही, आणि त्यांत गेलेल्या पानतंबाखूचा हिशेब मात्र तिच्याच नावावर राहतो. मग घरात आजारपण येतं, लग्न निघतं, पावसाळ्याच्या तोंडावर धान्य संपतं, आणि हाच सट्टेदार उचल देतो. उचल आठवड्याच्या मजुरीतून कापली जाते, हातात येणारी मजुरी अपुरी पडते, पुन्हा उचल घ्यावी लागते. आकडे त्याने लिहिलेले, वहीही त्याच्याचकडे. घरात वाचता येणारं कुणी नसेल तर ते पडताळून पाहणारंही कुणी नसतं.

त्या वहीत मुलाचं नाव कधीच येत नाही. उचल आईबापाच्या नावावर असते, ती फेडण्यात मुलाची बोटं असतात. ओसरीवर बालमजुरी आणि कर्जाची बांधिलकी अशा रीतीने एकाच सुपासमोर बसलेल्या असतात. सरकारने मात्र त्यांच्याविरुद्ध दोन वेगळे कायदे केले आणि ते दोन वेगळ्या खात्यांकडे सोपवले: बालमजुरी कामगार खात्याकडे, वेठबिगारी महसूल खात्याकडे. नव्वदहून अधिक वर्षांचे सरकारी प्रयत्न कुठे पोचले आणि कुठे अडले, हे या फाळणीतून पाहिलं की बरंच स्पष्ट होतं.

सुरुवात 1929 मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगापासून करावी लागते. हिंदुस्थानातल्या मजुरांची स्थिती तपासणाऱ्या या शाही आयोगावर नारायण मल्हार जोशी सदस्य होते. 1931 च्या अहवालात आयोगाने नोंदवलं की बिडीसारख्या छोट्या धंद्यांच्या कामघरांत अगदी पाच वर्षांची मुलं दहा-दहा, बारा-बारा तास बसतात आणि दोन आण्यांसारख्या मजुरीवर राबतात. त्याहून गंभीर गोष्ट अमृतसर, अहमदाबाद आणि मद्रास इतक्या दूरदूरच्या ठिकाणी सापडली. आईबाप मालकाकडून आगाऊ पैसे घेत आणि त्या बदल्यात मुलाची मेहनत गहाण टाकत. म्हणजे मूल हेच तारण. यातून 1933 चा कायदा झाला, मुलांची मेहनत गहाण टाकण्याला बंदी घालणारा. पंधरा वर्षांखालच्या मुलाबाबत असा करार केला तर तो रद्दबातल, बापाला 50 रुपयांपर्यंत दंड, मालकाला 200 रुपयांपर्यंत. त्या काळच्या मजुराच्या घरात 50 रुपये म्हणजे आणखी एक उचल.

तरीही या जुन्या कायद्याबद्दल मला आदर वाटतो. मुलाचं काम आणि घराचं कर्ज यांचा संबंध त्याने ओळखला होता. पुढच्या बालमजुरी कायद्यांतून हा धागा निसटला. त्यांनी मुलाचं वय पाहिलं, कामाचे तास पाहिले, कामाची जागा पाहिली. मूल तिथे का बसलं आहे, या प्रश्नाकडे त्यांची नजर वळली नाही.

भंडारा तेव्हा मध्य प्रांतात, नागपूर विभागात होता. बिडीचा धंदा या प्रांतात जोरात असल्यामुळे 1937 मध्ये प्रांतिक सरकारने यंत्रशक्तीविना चालणाऱ्या कारखान्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. बिडी, लाख आणि कातडी कमावण्याची कामघरं त्याच्या कक्षेत आली, पण जिथे 50 किंवा त्याहून अधिक माणसं काम करतात तीच. कक्षेबाहेर राहण्यासाठी पन्नासाच्या आतली कामघरं उभी करायची किंवा काम सरळ घरोघरी वाटून टाकायचं, एवढंच मालकाला करायचं होतं. पाठोपाठ 1938 चा बाल रोजगार कायदा आला. त्याच्या लगोलग झालेल्या दुरुस्तीने बिडीच्या कामघरात बारा वर्षांखालचं मूल ठेवायला बंदी केली आणि त्याच वाक्याला एक सूट जोडली: घरचीच माणसं घेऊन काम चालत असेल, बाहेरचा मजूर नसेल, तर ही बंदी लागू नाही. ही सूट शब्दांचे कपडे बदलत पुढे जवळजवळ आठ दशकं टिकली.

सरकार कामघराच्या दारात उभं होतं तेव्हा सट्टेदाराशी थेट झुंज घेणारा माणूस कामठीत होता. बाबू हरदास, म्हणजे हरदास लक्ष्मणराव नगराळे. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. ते विदर्भात सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यांचं बिडी मजुरांमधलं काम मागे पडलं. 1932 च्या सुमारास त्यांनी मजुरांचा संघ बांधला. नागपूर, कामठी, रामटेक, भंडारा या पट्ट्यात तो पसरला. मधल्या कंत्राटदाराला वगळून सहकारी तत्त्वावर बिड्या वळायच्या, हा त्यांचा मार्ग होता. 1937 मध्ये ते प्रांतिक कायदेमंडळावर निवडून आले आणि जानेवारी 1939 मध्ये अवघ्या पस्तिसाव्या वर्षी गेले. वही मजुराच्या हातात आली की मूल सुपासमोरून उठेल, हे त्यांच्या मार्गातलं गणित पुढच्या कुठल्याही सरकारी योजनेपेक्षा सरळ होतं.

डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना, 1944 मध्ये, द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली मजूर चौकशी समिती नेमली गेली आणि तिने बिडी, सिगार, सिगारेट या धंद्यांवर वेगळा अहवाल दिला. मग राज्यघटना आली. कलम 23 ने वेठ आणि सक्तीची मजुरी बंद केली, कलम 24 ने चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवायला मनाई केली. दोन्ही कलमं शेजारी-शेजारी आहेत, एकाच मथळ्याखाली, ‘शोषणाविरुद्धचा हक्क’. घटना लागू झाल्यावर चार वर्षांनी, 1954 मध्ये, मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर स्वतः भंडाऱ्यात मतं मागायला आले. लोकसभेच्या त्या पोटनिवडणुकीत राखीव जागेवर त्यांचा पराभव झाला.

घटनेने एकत्र ठेवलेलं खात्यांनी वेगळं केलं, आणि मधल्या काळात न्यायालयात आणखी एक गाठ पडली. 1958 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका बिडी कारखान्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. प्रश्न होता, सट्टेदार हा कारखान्याचा कामगार का? न्यायालयाने सांगितलं, नाही. तो स्वतंत्र कंत्राटदार आहे, कारखानदाराचं त्याच्या कामावर नियंत्रण नाही, म्हणून त्याने लावलेली माणसंही कारखान्याची नाहीत. तीन वर्षांनी नागपूरच्या एका प्रकरणात, जिथे मजूर कारखान्यात येऊन बिड्या वळत होते तिथे ते कामगार ठरले. दोन निकाल शेजारी ठेवले की कारखानदाराने कुठला रस्ता धरला असेल हे सांगावं लागत नाही. कारखान्यात बसवलं तर हजेरी, रजा, तास. घरी पाठवलं तर काहीच नाही.

हा रस्ता बंद करण्याचा पहिला खरा प्रयत्न म्हणजे 1966 चा बिडी आणि सिगार कामगार कायदा. घरी बसून बिड्या वळणारी बाईही ‘कर्मचारी’ आहे आणि सट्टेदाराच्या मागे उभा असलेला मूळ मालक जबाबदार आहे, हे त्याने मान्य केलं. महाराष्ट्राच्या नियमांनी सर्वसाधारणपणे 5 टक्क्यांपेक्षा जास्त छाट काढायला मनाई केली. कारखानदार न्यायालयात गेले. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा आणि छाटीचा नियम दोन्ही उचलून धरले. ‘छाट’ हा ओसरीवरचा शब्द सरकारी नियमात आला, ही माझ्या मते मोठी गोष्ट होती. वहीतल्या एका खोट्या रकान्यावर राज्याने बोट ठेवलं होतं. 1976 मध्ये बिडीवर उपकर बसवून कल्याण निधी उभा राहिला. त्यातून दवाखाने, घरकुलं आणि कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. ओळखपत्र असेल त्यालाच लाभ, आणि ओळखपत्रासाठी मालकाचा सही-शिक्का, म्हणून अनेक बाया बाहेर राहिल्या. तरी ज्या घरात ते कार्ड आलं तिथे मुलाला शाळेत ठेवण्याला पहिल्यांदा रोख कारण मिळालं. 2017 मध्ये वस्तू आणि सेवा कर आला तेव्हा हा उपकर रद्द झाला.

मुलांबाबत मात्र 1966 च्या कायद्याने तीच जुनी मर्यादा ठेवली. ‘औद्योगिक जागेत’ चौदा वर्षांखालचं मूल नको, असं तो म्हणत असे. ओसरी ही औद्योगिक जागा नव्हती.

आता दुसऱ्या खात्याकडे वळू. आणीबाणीच्या काळात, वीस कलमी कार्यक्रमाचा भाग म्हणून, वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा वटहुकूम निघाला आणि 1976 मध्ये त्याचा कायदा झाला. तो 25 ऑक्टोबर 1975 पासून लागू धरला जातो. वेठबिगार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जमीनदाराच्या वाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या राबणारा माणूस येतो. पूर्व विदर्भात मालगुजार होते, सालावर बांधलेले गडी होते, तेव्हा ते चित्र इथेही खोटं नव्हतं. पण कायद्याची व्याख्या वाचली तर ती त्या वाड्यापुरती नाही. आगाऊ घेतलेल्या रकमेच्या बदल्यात माणूस स्वतः, किंवा त्याच्या कुटुंबातलं कुणीही, विनामजुरी किंवा नाममात्र मजुरीवर काम करत असेल तर ती वेठबिगारी. उचल घेतल्यामुळे दुसरीकडे काम करण्याची मुभा गेली तर ती वेठबिगारी. स्वतःच्या किंवा घरच्यांच्या मेहनतीतून झालेला माल बाजारभावाने विकता येत नसेल तर तीही. आणि नाममात्र मजुरी म्हणजे काय, तर सरकारने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी.

ही व्याख्या ओसरीवर ठेवून पाहा. उचल आहे. ती फेडण्यासाठी कुटुंबातलं मूल काम करतं. उचल फिटेपर्यंत दुसऱ्या सट्टेदाराकडे जाता येत नाही. छाट आणि पानांची तूट कापून हातात पडणारी मजुरी किमान वेतनाच्या खाली जाते. प्रत्येक घर वेठबिगारीत होतं असं मी म्हणणार नाही. प्रत्येक सट्टेदार सारखा नव्हता आणि काही जण गावाच्या अडीनडीला खरोखर धावत. पण जिथे या गोष्टी एकत्र सापडतात तिथे बालमजुरी कायद्याची वाट पाहायची गरज नव्हती. 1976 चा कायदा तो हिशेब एका वाक्यात संपवतो: वेठीचं कर्ज नाहीसं झालं, ते वसूल करण्यासाठी दावा लावता येणार नाही, तारण ठेवलेली वस्तू परत करायची. 1982 मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की पोटाच्या नडीने किमान वेतनाखाली राबावं लागणं हीसुद्धा कलम 23 मधली सक्तीच आहे.

बालमजुरीच्या बाजूला 1986 चा कायदा आला. त्याच्या परिशिष्टातल्या निषिद्ध प्रक्रियांत पहिलंच नाव बिडीचं होतं, आणि कलम 3 मध्ये कुटुंबाच्या मदतीने चालणाऱ्या कामघराची सूटही होती. 1988 पासून राष्ट्रीय बालकामगार प्रकल्प सुरू झाला: कामावरून सोडवलेल्या मुलांसाठी खास वर्ग, मध्यान्ह भोजन, थोडा विद्यावेतनाचा आधार आणि मग नेहमीच्या शाळेत प्रवेश. 10 डिसेंबर 1996 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मुलामागे मालकाकडून 20,000 रुपये वसूल करायला सांगितलं. घरातल्या एका प्रौढाला काम द्यावं, ते जमलं नाही तर सरकारने 5,000 रुपये घालावेत, असाही आदेश होता. मालक दाखवता येत होता तिथे हे चाललं. सट्टेदार आणि ओसरी यांच्यामधून मालक शोधायचा कसा, हा प्रश्न तिथल्या तिथेच राहिला.

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि बिडीच्या मोठ्या कारखानदारीचा बराच भाग तिकडे गेला. याच गोंदियात या कथेतला सगळ्यांत शहाणा प्रयोग झाला. भारत आणि अमेरिका यांच्या सरकारांनी 2000 मध्ये केलेल्या करारातून आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मदतीने ‘इंडस’ प्रकल्प आखला गेला. महाराष्ट्रात त्यासाठी अमरावती, जालना, औरंगाबाद, मुंबई उपनगर आणि गोंदिया हे जिल्हे निवडले. लहान मुलं थेट शाळेत, नऊ ते तेरा वर्षांची मुलं आधी जोडवर्गात, मोठी मुलं धंदेशिक्षणात, अशी विभागणी होती. त्याच्या जोडीला आयांचे बचत गट होते. बचत गटातून पाचशे रुपये मिळाले की सट्टेदाराकडे जायचं टळतं. मुलाची शाळा आणि आईचं कर्ज यांना एकाच टेबलावर आणणारी ही सरकारी योजना होती, आणि ती काही वर्षांतच आटोपली, याची हळहळ वाटते. राष्ट्रीय बालकामगार प्रकल्पही 2021 मध्ये समग्र शिक्षा अभियानात विलीन झाला.

2001 च्या जनगणनेत देशात 5 ते 14 वयाची 1 कोटी 26 लाख मुलं काम करताना मोजली गेली. 2011 मध्ये हा आकडा 1 कोटी 1 लाखांवर आला. या घसरणीत शिक्षणहक्काचा वाटा आहे, शाळेतल्या खिचडीचा आहे, आणि भंडाऱ्यापुरतं बोलायचं तर बिडीधंदा उतरणीला लागल्याचाही आहे. 2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवणं गुन्हा ठरवलं: सहा महिने ते दोन वर्षं कैद, 20 ते 50 हजार रुपये दंड. घरच्या धंद्यात शाळेनंतर मदत करायची सूट पुन्हा राहिली, पण 2017 च्या सुधारित यादीने बिडीकाम त्या सुटीतूनही वगळलं. म्हणजे आज आईशेजारी बसून बिडीला दोरा बांधणारं मूल पहिल्यांदाच कायद्याच्या थेट संरक्षणात आहे. आईबापाला पहिल्या वेळी शिक्षा नाही, हेही योग्यच झालं. उलट 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये 1966 चा बिडी कायदा विरला, आणि खासगी घरात स्वतःचं काम करणाऱ्यांना वगळणारी तरतूद नव्या संहितेतही आहे. बालमजुरीचा आणि वेठबिगारीचा हे दोन कायदे मात्र स्वतंत्र उभे आहेत.

बिडी कमी झाली म्हणून उचल कमी झालेली नाही. वीटभट्टीवर जाणारं कुटुंब हंगामाआधी उचल घेतं आणि सगळं बिऱ्हाड घेऊन जातं. विटा मोजल्या जातात जोडप्याच्या नावावर, उलटवायला आणि रचायला मुलं असतात. 2022 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात उभाडे इथल्या कातकरी वस्तीवरची मुलं काही हजार रुपये आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात अहमदनगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं उघड झालं, ते एका लहान मुलीच्या मृत्यूनंतर. व्हिटली आयोगाने 1931 मध्ये नोंदवलेला करार तोच. या वेळी बालमजुरीच्या जोडीने वेठबिगारीच्या कायद्याखालीही गुन्हे दाखल झाले, आणि त्यामुळे पालकांचं कर्जही तपासाच्या कक्षेत आलं.

भंडाऱ्यात हे दोन कायदे असे एकत्र कसे वापरता येतील, ते आता पाहू. जिल्हाधिकारी हे बालमजुरीविरोधी कृती दलाचेही प्रमुख आणि वेठबिगारीच्या जिल्हा दक्षता समितीचेही. उपविभागात हीच जागा उपविभागीय अधिकाऱ्याची. समितीत अनुसूचित जाती-जमातींचे तीन स्थानिक सदस्य, दोन समाजकार्यकर्ते, ग्रामविकासाशी संबंधित प्रतिनिधी आणि एक बँक किंवा पतसंस्थेचा माणूस असावा लागतो. बँकवाला तिथे एवढ्यासाठीच, की सुटलेल्या माणसाला पुन्हा त्याच दारात उचल मागायला जावं लागू नये. कामगार अधिकाऱ्याच्या धाडीत मूल सापडलं तर त्याच दिवशी घरच्यांना एक प्रश्न विचारता येतो: उचल किती आणि कुणाची? उत्तर मिळालं की प्रकरण दक्षता समितीपुढे जायला हवं. अर्ज शिक्षक करू शकतो, अंगणवाडी सेविका करू शकते, शेजारीही करू शकतो. मुलांसाठीच्या 1098 या मदतक्रमांकावर फोन करता येतो. उचल वेठीची नव्हती हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने सावकारावर टाकला आहे, मजुरावर नाही. वही त्याच्याजवळ आहे, तेव्हा ती त्यानेच दाखवायची. चौकशीत वेठबिगारी ठरली तर मुक्ती प्रमाणपत्र मिळतं आणि 2016 च्या केंद्रीय योजनेप्रमाणे तातडीची मदत मिळते, आधी 20 हजार रुपये होती, नंतर 30 हजारांपर्यंत झाली. पुनर्वसनाची रक्कम प्रौढ पुरुषाला 1 लाख, स्त्रीला आणि मुलाला 2 लाख, अत्याचाराच्या गंभीर प्रकरणात 3 लाख रुपये आहे. तातडीच्या मदतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे 10 लाखांचा कायम निधी ठेवायची तरतूद आहे. उरलेली रक्कम खटल्याच्या निकालाशी बांधलेली असल्याने ती वर्षानुवर्षं अडकते, आणि ही अट सैल करावी ही मागणी रास्त आहे. खटला चालवण्याचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे तहसील पातळीवरच, देता येतो आणि तो संक्षिप्त पद्धतीने चालवता येतो. लाखांदूर किंवा तुमसरच्या बाईला त्यासाठी जिल्ह्याच्या न्यायालयात तारखांमागे तारखा हेलपाटे घालावे लागू नयेत, असाच त्या तरतुदीचा हेतू आहे.